मोठ्या आतड्यातील पिशव्यांचा रक्तस्राव आणि त्यावरील दुर्बिणीचे उपचार : प्रस्तावना

मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या लहान लहान पिशव्यांमधून होणारा रक्तस्राव हा पचनसंस्थेच्या आजारांपैकी असा एक आजार आहे की, ज्यात रक्त थांबवण्यापेक्षा ते नेमके कोठून येते हे शोधून काढणे अधिक अवघड असते. या पिशव्यांना वैद्यकीय परिभाषेत डायव्हर्टिक्युला म्हणतात आणि त्यांपैकी एका पिशवीला डायव्हर्टिक्युलम. ज्यांच्या आतड्यात त्या असतात अशा बहुसंख्य माणसांना आयुष्यभर त्यांची जाणीवही होत नाही. पण थोड्यांच्या बाबतीत, बहुधा उतारवयात, पोटात काहीही दुखत नसताना शौचावाटे अचानक भरपूर लाल किंवा काळपट लाल रक्त जाऊ लागते, रुग्णाला घेरी येते आणि घरातील सर्वांची धावपळ उडते. अशा दर चार-पाच रुग्णांपैकी तीन-चार जणांचा रक्तस्राव आपोआप थांबतो. हे थांबणे रुग्णाचे प्राण वाचवते, परंतु त्याच वेळी रक्त कोठून आले याची खूणही बहुधा पुसून टाकते. दुर्बिणीने करावयाच्या उपचारांचा सारा इतिहास आणि त्यांतील सारे कौशल्य या एका अडचणीभोवती फिरते. म्हणून हा विषय केवळ उपकरणांच्या अंगाने न मांडता, शोध आणि उपचार यांची एक सलग साखळी म्हणून मांडणे आवश्यक आहे. आणि ही साखळी मोठ्या शहरातील एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बीण-तपासणीच्या, कक्षात सुरू होत नसून चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावातील पहिल्या तपासणीच्या टेबलावर सुरू होते, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे.

विषय समजण्यासाठी प्रथम आतड्याच्या भिंतीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. मोठ्या आतड्याला आतून श्लेष्मल पटलाचे, म्हणजे ओलसर आणि मऊ अस्तराचे आवरण असते. त्याखाली सैल ऊतींचा थर असतो आणि त्याबाहेर आतड्याला आकुंचन-प्रसरण करायला लावणारा स्नायूंचा थर असतो. आतील अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बाहेरून येऊन स्नायूंचा हा थर भेदून आत शिरतात, आणि जेथे त्या शिरतात तेथे भिंत मुळातच थोडी दुबळी असते. आतड्यातील दाब वर्षानुवर्षे अशा दुबळ्या जागी पडत राहिला की, सायकलच्या टायरला पडलेल्या भेगेतून आतली ट्यूब जशी फुगून बाहेर येते तसे आतील अस्तर स्नायूंच्या फटीतून बाहेर येते आणि पिशवी तयार होते. या पिशवीच्या भिंतीत स्नायूंचा थर नसतो, त्यामुळे ती अतिशय पातळ असते; उपचार करताना वापरायच्या प्रत्येक साधनाची मर्यादा याच पातळपणाने ठरवली जाते, हे पुढील विवेचनात वारंवार दिसून येईल.

जी धमनी या दुबळ्या जागेतून आत येते, तीच पुढे पिशवीच्या तोंडावरून आणि घुमटावरून ताणली जाते, आणि आतड्याची पोकळी व ती धमनी यांच्यामध्ये केवळ अस्तराचा एक पातळ पडदा उरतो. मॉर्टन मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या आतड्यांचा सूक्ष्म अभ्यास करून दाखवले की, रक्तस्राव होतो तेथे धमनीची पोकळीकडील बाजू विषम रीतीने जाड व दुबळी झालेली असते आणि ती पिशवीच्या आतल्या बाजूलाच फुटते. या निरीक्षणातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, हा रक्तस्राव धमनीचा असल्यामुळे तो जोराचा असतो. दुसरी अशी की, त्याचे कारण दाह नसतो. पिशवीला सूज येऊन ताप व पोटदुखी होते तो डायव्हर्टिक्युलायटिस हा वेगळा विकार आहे. रक्त जाणाऱ्या रुग्णाला बहुधा वेदना नसतात, आणि वेदना नाहीत म्हणून आजार किरकोळ आहे असा जो समज घरोघरी होतो तो येथे घातक ठरू शकतो.

या पिशव्या जगात सर्वत्र सारख्या आढळत नाहीत. युरोप-अमेरिकेत त्या मुख्यतः डाव्या बाजूच्या, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडील वळणदार भागात असतात, तर जपानसह आशियातील अनेक देशांत उजव्या बाजूच्या पिशव्यांचे प्रमाण मोठे असते. शिवाय पाश्चात्त्य रुग्णांतही रक्तस्राव मात्र उजव्या बाजूने बऱ्याचदा होतो. या पिशव्या का होतात याविषयी सर्वाधिक गाजलेली मांडणी नील पेंटर आणि युगांडात दीर्घकाळ काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७१ साली केली. आफ्रिकेच्या खेड्यांत हा विकार जवळजवळ दिसत नाही आणि ब्रिटनमध्ये तो घरोघरी आहे, याचे कारण पाश्चात्त्य आहारातील तंतूंचा अभाव हे होय, असे त्यांनी म्हटले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी आणि चवळीसारख्या भाज्या यांवर पोसलेल्या वऱ्हाडाला ही मांडणी सुखावणारी वाटेल, तथापि तिला पुढे आव्हान मिळाले: २०१२ साली अमेरिकेत कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झालेल्या दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात अधिक तंतू खाणाऱ्यांत पिशव्या कमी आढळल्या नाहीत, उलट काहीशा अधिकच आढळल्या. वय, आतड्याची हालचाल, स्नायूंची व संयोजी ऊतींची घडण आणि आनुवंशिकता यांचा वाटा आता अधिक गांभीर्याने मानला जातो. तंतुमय आहार बद्धकोष्ठ कमी करतो आणि एकंदर आरोग्याला हितकर आहे, हे खरेच. पण भाकरी खाणाऱ्याला हा आजार होणारच नाही अशी खात्री कोणत्याही वैद्याने देऊ नये.

चांदूर बाजार हा अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागातील, संत्रा, कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारा तालुका. शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, करजगाव, घाटलाडकी अशा गावांतून येणाऱ्या रुग्णासाठी पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय असते, दुसरी अचलपूरची, आणि तिसरी अमरावतीची. या रुग्णाच्या वाटेतील पहिला अडथळा मात्र अंतराचा नसून निदानाचा असतो, कारण शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याध हे समीकरण समाजात इतके रूढ आहे की रुग्ण स्वतःच निदान ठरवून येतो, आणि तोवर त्याने बऱ्याचदा जडीबुटी, मलम किंवा रस्त्याकडेच्या पाटीवरून कळलेला उपाय करून पाहिलेला असतो. मूळव्याध खरोखरच सर्वांत सामान्य कारण आहे. परंतु तिचे रक्त सहसा शौचाच्या शेवटी थेंबाथेंबाने किंवा पिचकारीसारखे पडते. मळात मिसळलेले, गाठींसह, पुनःपुन्हा आणि भरपूर येणारे रक्त पाहिले की वैद्याने मूळव्याधीपलीकडे विचार केला पाहिजे. आपल्याकडे त्या विचारात पिशव्यांखेरीज आतड्याचा क्षयरोग, विषमज्वराचे व्रण, अमीबाजन्य आमांश, अल्सरेटिव्ह कोलायटिस, रक्तवाहिन्यांची विकृत जाळी आणि आतड्याचा कर्करोग यांचा समावेश करावा लागतो. एखाद्या रुग्णाच्या आतड्यात पिशव्या दिसल्या म्हणून रक्तही त्यांतूनच आले असे मानणे ही शहरातल्या तज्ज्ञाचीही चूक ठरू शकते, तर रक्त पाहताच मूळव्याध म्हणणे ही गावातली चूक ठरते. दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे शोध अर्धवट सोडणे.

रक्तस्रावाच्या कारणांमध्ये एक कारण असे आहे की, ज्यावर तालुक्यातील डॉक्टर, औषध विक्रेता आणि खुद्द रुग्ण यांचे थेट नियंत्रण असते, आणि ते म्हणजे वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन अशा दाहविरोधी औषधांनी आतड्यातील पिशव्यांचा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. हृदयासाठी घेतल्या जाणाऱ्या ॲस्पिरिनने आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या इतर औषधांनीही तो वाढतो. शेतात वाकून कामे करून गुडघे आणि कंबर झिजलेल्या माणसाने चिठ्ठीवाचून घेतलेली गोळी ही त्याला औषध वाटतच नाही, म्हणून ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘काहीच नाही’ असे उत्तर देतो. अशा वेळी अंगदुखीची, सांधेदुखीची, ताप-सर्दीची गोळी घेतली का, असे नावानिशी आणि दुखण्यानिशी विचारावे लागते. या एका प्रश्नाचे उत्तर पुढे कोणत्याही महागड्या तपासणीइतके मोलाचे ठरते, कारण ती गोळी थांबवणे हाच पुन्हा रक्त येऊ न देण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आतड्यात दुर्बीण टाकून पाहण्याची कल्पना आज साधी वाटते, पण तिच्यामागे विसाव्या शतकातील प्रकाशविज्ञानाची मोठी कामगिरी आहे, आणि तीत एका भारतीयाचा मोलाचा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधील मार्गदर्शक हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून, तो जुडगा वाकवला तरी, प्रतिमा पलीकडे नेता येते हे १९५४ सालच्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले. त्या तत्त्वावर बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ साली अमेरिकेत जठर पाहण्याची लवचिक दुर्बीण दाखवली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तारेचा फास टाकून आतड्यातील गाठी काढण्याची पद्धत रूढ केली. आतड्यात पाहणे आणि त्याच नळीतून उपचार करणे अशी दोन्ही कामे एकाच साधनाने होऊ लागल्यावर पोट उघडण्याची गरज अनेकांच्या बाबतीत उरली नाही.

पिशव्यांच्या रक्तस्रावात या साधनाचा उपयोग होतो हे ठामपणे मांडणारा लेख २००० साली लॉस एंजेलिस येथील डेनिस जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तातडीने आतडे स्वच्छ करून कोलोनोस्कोपी केलेल्या त्यांच्या ४८ रुग्णांपैकी १० जणांत रक्तस्राव निश्चितपणे पिशवीतून असल्याचे दिसले. त्यांच्यावर दुर्बिणीतून उपचार झाले आणि त्यांपैकी कोणालाही पुन्हा रक्त आले नाही की शस्त्रक्रिया लागली नाही. त्याआधीच्या काळातील, दुर्बिणीतून उपचार न मिळालेल्या ७३ रुग्णांपैकी १७ जणांत असा रक्तस्राव निश्चित झाला होता; त्यांतील नऊ जणांना पुन्हा रक्त आले आणि सहा जणांच्या आतड्याचा भाग कापून काढावा लागला. संख्या लहान होती आणि दोन गट वेगवेगळ्या काळातले होते, त्यामुळे या निष्कर्षाकडे सावधपणे पाहावे लागते. तथापि त्याने एक दिशा दिली आणि त्याचबरोबर एक प्रश्नही उभा केला, तो असा की, दर पाच रुग्णांपैकी चौघांत रक्ताचे स्थान निश्चित का होत नाही.

दुर्बिणीचा विचार करण्यापूर्वी मात्र रुग्ण जिवंत आणि स्थिर राहिला पाहिजे, आणि ही जबाबदारी सर्वप्रथम ज्या ठिकाणी रुग्ण पोचतो त्या ठिकाणची असते. नाडीचे ठोके भागिले वरचा रक्तदाब हे साधे गुणोत्तर, ज्याला शॉक इंडेक्स म्हणतात, एकाहून अधिक झाले तर रुग्ण धोक्यात आहे असे समजावे; उदाहरणार्थ नाडी १२० आणि वरचा रक्तदाब ९० असेल तर ते १.३ येते. रक्त वाहून गेल्यावर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिनचा आकडा फसवा असतो, कारण शरीरातील पाणी रक्तात येऊन ते पातळ व्हायला वेळ लागतो. त्यामुळे आकडा चांगला आहे म्हणून निश्चिंत राहू नये. दोन रुंद सलाईन मार्ग, रक्तगट व रक्ताची जुळवणी, आणि हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास, किंवा हृदयविकार असल्यास ८ ग्रॅमच्या आसपास, रक्त देणे हा आजचा सर्वमान्य क्रम आहे. वाहते रक्त आणि ढासळता रक्तदाब असताना मात्र आकड्याची वाट पाहू नये. याच वेळी बोटाने गुदद्वाराची तपासणी करून रक्ताचा रंग स्वतः पाहावा, कारण काळी, डांबरासारखी शौच जठरातील रक्तस्राव सुचवते; मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. जोराने येणाऱ्या लाल रक्ताचे मूळही थोड्या रुग्णांत जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीस असते, म्हणून रक्तदाब घसरलेल्या रुग्णात आधी वरून दुर्बीण टाकून पाहणे हिताचे ठरते.

या क्रमात कोलोनोस्कोपी किती लवकर करावी या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे, आणि चांदूर बाजारच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे. पूर्वी असे मानले जाई की जितकी लवकर दुर्बीण टाकावी तितके वाहणारे रक्त डोळ्यांपुढे सापडण्याची शक्यता अधिक. जपानमध्ये रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र २४ तासांच्या आत तपासलेले आणि २४ ते ९६ तासांत तपासलेले अशा दोन्ही गटांत ताज्या रक्तस्रावाचे स्थान सापडण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे पाचांत एक इतके निघाले. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूत्रांनीही रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णात २४ तासांच्या आतच कोलोनोस्कोपी करण्याचा आग्रह सोडला, आणि जोराचा रक्तस्राव होऊन रक्तदाब ढासळलेल्या रुग्णात प्रथम सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य शिरेतून देऊन रक्तवाहिन्यांचे सीटी चित्र, करावे असे सुचवले. याचा अर्थ असा की, तालुक्यातील रुग्ण अमरावती किंवा नागपूरला पोचेपर्यंत जे तास जातात ते एंडोस्कोपीच्या दृष्टीने वाया गेलेले तास नसतात. वाया जाऊ द्यायचे नाहीत ते तास पहिल्या उपचाराचे. सलाईन, रक्त, औषधांची चौकशी आणि योग्य ठिकाणी रवानगी यांत झालेली कुचराई नंतर कोणत्याही दुर्बिणीने भरून काढता येत नाही.

रुग्ण स्थिर झाल्यावर शोधाची खरी तयारी सुरू होते. स्वच्छ न केलेल्या आतड्यात रक्ताच्या गाठी आणि मळ यांमुळे काहीच दिसत नाही, म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे चार ते सहा लिटर द्रावण तीन-चार तासांत पाजून आतडे धुतले जाते. वृद्ध, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना हे पाजताना श्वासनलिकेत जाण्याचा आणि शरीरात पाणी साचण्याचा धोका लक्षात ठेवावा लागतो. दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली पारदर्शक टोपी पिशवीचे तोंड उलगडून आत पाहायला मदत करते, आणि पाण्याचा फवारा प्रत्येक पिशवीतील गाठ धुऊन काढतो. एका आतड्यात अनेक पिशव्या असू शकतात, आणि त्यांपैकी दोषी एकच असते. निश्चित निदानाची तीन चिन्हे मानली जातात: पिशवीतून वाहते रक्त, रक्त न येता उघडी दिसणारी धमनी, आणि धुऊनही न निघणारी चिकटलेली गाठ. ही चिन्हे दिसली नाहीत आणि दुसरे कारणही आढळले नाही तर निदान ‘संभाव्य’ या पातळीवर थांबते, आणि संभाव्य निदानावर दुर्बिणीतून उपचार केले जात नाहीत. अहवालात निश्चित आणि संभाव्य हा फरक स्पष्ट लिहिला गेला तरच पुढच्या वेळी रक्त आल्यावर तपासणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

दोषी पिशवी सापडली की उपचारांचे चार मुख्य मार्ग उपलब्ध असतात. पहिला म्हणजे पातळ केलेल्या ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. त्याने धमनी आकसते आणि रक्त तात्पुरते थांबते, पण औषधाचा परिणाम ओसरल्यावर ते पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून ते बहुधा दुसऱ्या उपचाराची वाट मोकळी करण्यापुरते वापरले जाते. दुसरा म्हणजे विजेच्या उष्णतेने धमनी बंद करणे. हा उपाय पिशवीच्या तोंडावर, जेथे भिंत थोडी जाड असते, तेथे करता येतो, परंतु घुमटावर आणि विशेषतः उजव्या बाजूच्या पातळ आतड्यात भोक पडण्याचे भय असते. तिसरा म्हणजे धातूची क्लिप. ती थेट फुटलेल्या धमनीवर बसवली तर ऊतींना कमीत कमी इजा करून रक्त थांबते. तसे न जमल्यास पिशवीचे तोंडच क्लिपांनी शिवल्यासारखे बंद करता येते, पण आत धमनी तशीच राहत असल्याने या दुसऱ्या पद्धतीत पुन्हा रक्त येण्याचे प्रमाण अधिक असते. दोषी पिशवी सापडताच तिच्या शेजारी एक क्लिप किंवा शाईची खूण ठेवणे हा नियम या सर्व पद्धतींना लागू पडतो, कारण दुर्बीण एकदा मागे घेतल्यावर तीच पिशवी पुन्हा ओळखणे अत्यंत कठीण जाते.

चौथा मार्ग म्हणजे रबरी बँड लावणे. यकृताच्या सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा बांधण्यासाठी ही पद्धत १९८० च्या दशकात विकसित झाली, आणि पिशव्यांच्या रक्तस्रावात तिला मोठे स्थान जपानमधील वैद्यांनी, विशेषतः टोकियोच्या सेंट ल्यूक्स इंटरनॅशनल हॉस्पिटलमधील नाओकी इशी आणि सहकाऱ्यांनी, मिळवून दिले. तीत दोषी पिशवीजवळ खूण करून दुर्बीण बाहेर काढली जाते, टोकावर बँड लावण्याचे साधन बसवून ती पुन्हा आत नेली जाते, पिशवी ओढून साधनाच्या टोपीत उलटी घेतली जाते आणि तिच्या मुळाशी बँड सोडला जातो. धमनीसह सारी पिशवीच आवळली जात असल्याने काही दिवसांत ती ऊती गळून पडते आणि त्या जागी व्रण भरून येतो. जपानमधील ४९ रुग्णालयांतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या कोड ब्लू-जे या अभ्यासात क्लिपपेक्षा बँड लावलेल्या रुग्णांना पुन्हा रक्त येण्याचे प्रमाण कमी आढळले. बांधलेल्या जागी क्वचित उशिराने भोक पडणे किंवा दाह होणे या गुंतागुंती नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून रुग्णाला काही दिवस लक्षपूर्वक पाहावे लागते. या पद्धतीचा विदर्भाच्या दृष्टीने एक व्यावहारिक लाभ असा की, सिरॉसिसचे रुग्ण सांभाळणाऱ्या प्रत्येक एंडोस्कोपी केंद्राकडे बँडचे साधन आणि ते वापरण्याचा सराव आधीच असतो; ते साधन कोलोनोस्कोपच्या जाड टोकावर बसणाऱ्या मापाचे आहे का, एवढी खात्री रुग्ण येण्यापूर्वीच करून ठेवणे मात्र आवश्यक आहे.

दुर्बिणीने स्थान सापडले नाही किंवा रक्त थांबले नाही तर पुढील उपाय क्ष-किरण तज्ज्ञाच्या हाती जातो. मांडीतील धमनीतून बारीक नळी आतड्याच्या फुटलेल्या शाखेपर्यंत नेऊन ती शाखा आतून बंद केली जाते. नळी जितकी शेवटच्या फांदीपर्यंत नेता येईल तितका आतड्याला रक्त कमी पडण्याचा धोका कमी होतो. हेही शक्य नसेल तर शस्त्रक्रिया उरते, आणि रक्ताचे स्थान माहीत नसताना ती करावी लागली तर आतड्याचा मोठा भाग काढण्याची वेळ येते. म्हणजे शोधासाठी पूर्वी घेतलेले कष्ट अखेरच्या पायरीवरही रुग्णाचे आतडे वाचवतात.

रक्त थांबून रुग्ण घरी गेल्यावर आजार संपला असे मानता येत नाही, कारण काही रुग्णांना महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा रक्त येते. दाहविरोधी वेदनाशामके कायमची टाळणे, केवळ प्रतिबंध म्हणून घेतली जाणारी ॲस्पिरिन थांबवणे, पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णात ती स्वतःच्या मनाने कधीही बंद न करणे, हे निर्णय हृदयरोगतज्ज्ञाशी बोलून घ्यावे लागतात. आहाराविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. शेंगदाणे, तीळ, मक्याचे दाणे पिशवीत अडकतात म्हणून ते वर्ज्य करावेत असे सांगितले जाते. परंतु ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असे पदार्थ खाणाऱ्यांत दाह किंवा रक्तस्राव वाढलेला आढळला नाही. जवसाची, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी ताटातून काढून टाकण्याचे कारण या आजारात नाही.

या साऱ्या ज्ञानाचा लाभ सामान्य रुग्णापर्यंत पोचण्यासाठी व्यवस्थेचे काही दुवे आधीच अस्तित्वात आहेत. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावतीचा समावेश होता. अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय, अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, जे लोकांच्या तोंडी आजही इर्विन आहे, तेथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यापुढे नागपूरचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय अशी चढती श्रेणी या भागातील लोकांना परिचित आहे. प्रश्न राहतो तो या दुव्यांना जोडणाऱ्या माहितीचा. रक्त कधी सुरू झाले, रंग कोणता, किती वेळा, नाडी व रक्तदाब किती होता, कोणत्या गोळ्या चालू होत्या, किती रक्त दिले, पूर्वी दुर्बीण झाली का व तिच्या अहवालात काय होते, एवढ्या गोष्टी एका कागदावर नीट लिहून तो रुग्णासोबत पाठवला तर पुढच्या ठिकाणी तपासणी पहिल्या पानापासून सुरू करावी लागत नाही. सात-आठ ओळींच्या या चिठ्ठीला उपचारपद्धतीचाच एक भाग मानले पाहिजे.

मोठ्या शहरांतील तज्ज्ञांसाठी या विषयावर इंग्रजीत विपुल लेखन उपलब्ध आहे. मराठीत ते आणण्याचा हेतू मात्र त्या लेखनाची पुनरुक्ती करण्याचा नाही. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषध विक्रेता, वैद्यकीय विद्यार्थी आणि आजाराविषयी समजून घेऊ इच्छिणारा जिज्ञासू वाचक या सर्वांना रक्ताचा प्रवास आणि त्याच्या शोधाचा क्रम एकाच भाषेत, एकाच विचारसूत्रात दिसावा, हा त्यामागील उद्देश आहे. म्हणूनच पुढील प्रकरणांचा क्रम आतड्याच्या रचनेपासून पहिल्या तासांच्या उपचाराकडे, तेथून दुर्बिणीच्या शोधाकडे, मग उपचारांच्या साधनांकडे आणि अखेरीस पुन्हा गावातील पाठपुराव्याकडे जातो. रक्त आपोआप थांबले यावर समाधान मानणारी वैद्यकी रुग्णाला पुढच्या रक्तस्रावाच्या हवाली करते. ते का आले, कोठून आले आणि कोणत्या गोळीने त्याला वाट मिळाली हे विचारत राहणारी वैद्यकीच त्याला खऱ्या अर्थाने बरे करते. तसे विचारण्याचा अधिकार आणि सामर्थ्य चांदूर बाजारच्या बाह्यरुग्ण कक्षात बसलेल्या डॉक्टरकडेही तितकेच आहे, आणि तेथे योग्य प्रश्न विचारला गेला तरच पुढे अमरावतीत किंवा नागपुरात टाकलेली दुर्बीण योग्य ठिकाणी पोचते.